न भाजायच्या वड्या

आजोबांनी चाळीस वर्षं पावाची भट्टी चालवली आणि त्या चाळीस वर्षांत हाताखालच्या एकाही माणसावर आवाज चढवला नाही. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि ते खरंही होतं. शिकाऊ माणूस पीठ चुकीचं मळायला लागला की आजोबा ओरडत नसत. मायेने म्हणत, "थांब हं, असं नाही, आण इकडे," आणि पीठ आपल्याकडे ओढून घेत. गोळे लहानमोठे झाले की, आण इकडे. ट्रे वाकडा लागला की, आण इकडे. माणसं दोन-दोन, तीन-तीन वर्षं त्यांच्याकडे काढत आणि निघताना आजोबांचे हात कसे चालतात हे डोळे मिटून सांगू शकत. पाव मात्र त्यांना करता येत नसे. आजोबांना याचं फार नवल वाटे. "हल्लीच्या पोरांना शिकायचंच नसतं," ते म्हणत. त्यातली काही हल्लीची पोरं आता साठीला आली होती.

दीड वर्षापूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला आणि आजोबांनी भट्टी बंद केली. त्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. हात मात्र रिकामे राहिले नाहीत. मागच्याच गल्लीत त्यांची लेक राहत होती आणि लेकीला नऊ वर्षांची मुलगी होती. ती जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती की आजोबा म्हणाले, "ही तर मिठाची चिमूट!" तेव्हापासून ती चिमूट. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. लेक कचेरीतून सहाला परतायची. त्यामुळे शाळा सुटल्यापासून सहापर्यंतचा वेळ चिमूट आणि आजोबा यांचा, आणि दोघांचं मेतकूट असं जमलं होतं की आजोबांना सकाळ ही केवळ दुपार होण्याची वाट बघण्यासाठी केलेली सोय वाटे.

या दुपारींवरच आता गदा आली होती.

लेकीचं काम सूचना लिहिण्याचं. नवं यंत्र घरी आणलं की खोक्यातून एक बारकी पुस्तिका निघते, ती आपण न वाचता खणात टाकतो आणि यंत्र बिघडलं की शोधतो. तसल्या पुस्तिका ती लिहायची. घरातल्या ओव्हनची पुस्तिकासुद्धा तिनेच लिहिलेली होती. अशा बाईला गोष्टी क्रमाने झालेल्या आवडतात, आणि ज्याने करायच्या त्यानेच केलेल्या आवडतात. त्यामुळे शाळेतून आधी तो पूल आणि मागून तो निबंध परत आला, तेव्हा तिने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

पूल आइस्क्रीमच्या काड्यांचा होता. चिमूटने दोन काड्या चिकटवल्या, तिसरी तिरकी बसली, आणि आजोबा म्हणाले, "आण इकडे." पुढचे चार दिवस त्यांनी त्या पुलावर इतकी मेहनत घेतली की तो भरलेली कढई पेलत असे. बाईंनी शेरा लिहिला होता : 'पूल भक्कम. आजोबांनी असाच अभ्यास चालू ठेवावा.' निबंधाचं नाव होतं 'माझे आजोबा'. त्यातलं तिसरं वाक्य होतं, 'माझे आजोबा स्वभावाने अत्यंत विनम्र असून ते कधीही स्वतःची स्तुती करत नाहीत.' हे वाक्य कुणाचं, हे लेकीने विचारलं नाही.

"तिला शब्द सुचत नव्हता," आजोबा म्हणाले.

"बाबा, मी तुमच्या भट्टीत लहानाची मोठी झाले. शाळेचा अभ्यास पिठाच्या पोत्यावर बसून केला. मला पाव करता येतो का?"

"तुला कधी गरज पडली?"

"तेच म्हणतेय मी."

'तेच' म्हणजे काय, ते आजोबांना कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक छापील अर्ज लागला. शाळेमागच्या इमारतीत दुपारचा वर्ग निघाला होता. तीन ते सहा, मुलांकडून सगळं स्वतः करून घेतलं जाईल, अर्ज देण्याची शेवटची तारीख शनिवार. आजोबांनी तो अर्ज चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, आणि त्या दिवशी चहात साखर घालायला विसरले.

शुक्रवारी सकाळी लेकीने तोडगा काढला. शनिवारी शाळेत प्रत्येक मुलाने स्वतः केलेला खाऊ न्यायचा होता. "आज दुपारी चिमूट पीनट बटरच्या वड्या करेल," ती म्हणाली. "कॉर्नफ्लेक्स, पीनट बटर, मध. वरून चॉकलेट. एकटीने करेल. तुम्ही हात लावायचा नाही. तिने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. सहा वाजता मी येईन तेव्हा वड्या झालेल्या असतील आणि त्या तिने केलेल्या असतील, तर हा अर्ज मी फाडून टाकते. नाहीतर उद्या सकाळी भरून देते."

"भट्टी किती आचेवर?"

"भट्टी नाहीच. भाजायचंच नाही. फ्रिजमध्ये ठेवलं की झालं."

"भाजायचं नाही, तर मग पदार्थ कसला? त्याला फार तर कालवण म्हणता येईल."

"म्हणूनच निवडलंय," लेक चपला घालता घालता म्हणाली. "तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणजे तुम्ही मदत करू शकणार नाही."

जाताना तिने ओट्यावर एक कागद ठेवला. स्वच्छ अक्षरात अकरा सूचना. त्यातल्या नऊ चिमूटच्या. आजोबांच्या वाट्याला दोनच : सूचना चार, उकळतं पाणी मोठ्या पातेल्यात ओतणे. आणि सूचना अकरा, ट्रे फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवणे, कारण चिमूटचा हात तिथे पोचत नाही. दोन्हींपुढे कंसात 'आजोबा' असं लिहून खाली रेघ मारली होती. आजोबांनी सूचना अकरा तीनदा वाचली. फ्रिज. वरचा कप्पा. यात चुकण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं, आणि आपली लेक आपल्याला इतकं कमी समजते याचं थोडं वाईटही वाटलं.

तीन वाजता ते स्वयंपाकघरात शिरले. चाळीस वर्षं ते पहाटे कामावर शिरत, तेव्हा पहिल्यांदा भट्टी पेटवत आणि मग हात धुवत. कारण हात धुवायला एक क्षण लागतो आणि भट्टीला तापायला वेळ लागतो. आजही ते दारातून सिंककडे निघाले, आणि वाटेत त्यांच्या उजव्या हाताने ओव्हनचं बटण फिरवून पावाच्या आचेवर आणून ठेवलं. ही गोष्ट हाताने डोक्याला कळवली नाही. ओव्हनचा लाल दिवा लागला, पण दाराच्या दांडीवर नॅपकिन वाळत घातला होता, त्याच्यामागे तो झाकून गेला. आजोबांनी हात धुतले, स्टूल ओढून भिंतीशी बसले आणि म्हणाले, "चल चिमूट. मी इथे नाहीच असं समज."

"तुम्ही आहात की."

"समज म्हटलं."

चिमूटने कागद वाचला. ट्रेमध्ये घालायला बटर पेपर कापला. तो दोन बोटं कमी पडला. आजोबांच्या घशातून एक आवाज आला.

"काय झालं?"

"खोकला."

तिने दुसरा तुकडा कापून पहिल्यावर आडवा ठेवला. दिसायला ते ठिगळ होतं, पण ट्रे झाकला गेला. मग तिने पीनट बटरच्या बरणीचं झाकण फिरवलं. झाकण हलेना. तिने फ्रॉकच्या टोकाने धरून पाहिलं, दात-ओठ खाऊन पाहिलं. आजोबांचे दोन्ही हात मांडीवरून उठले होते आणि हवेत थांबले होते.

"आजोबा, हात."

"पाणी ओतायचं आहे ना मला? सूचना चार."

"ती चार आहे. आता दोन चाललीय."

तिने झाकण गरम पाण्याच्या नळाखाली धरलं, पुसलं आणि पुन्हा फिरवलं. झाकण निघालं. आजोबांच्या चेहऱ्यावर आनंद आणि निराशा एकाच वेळी आली आणि दोघांनी एकमेकांना वाट दिली नाही.

सूचना चार आजोबांनी अशी पार पाडली की बघत राहावं. एक थेंब बाहेर नाही, वाफ अंगावर नाही, पातेलं बरोब्बर निम्मं. त्या पाण्यात चिमूटने दुसरं लहान पातेलं ठेवलं, त्यात चमचाभर लोणी टाकलं आणि चमचा शोधायला वळली. वळून बघते तर चमचा आजोबांच्या हातात आणि हात पातेल्यात.

"नुसता हलवत होतो. खाली लागलं असतं."

"पाण्यावर ठेवलंय. कसं लागेल?"

हे बरोबर होतं. आजोबांनी चमचा परत दिला. चिमूटने क्षणभर विचार केला. मग ओव्हनशेजारच्या खिळ्यावरून जाडजूड रजईसारखे हातमोजे काढले, गरम ट्रे धरायचे, आणि आजोबांसमोर धरले.

"घाला."

"हे कशाला?"

"हे घातले की तुम्हाला चमचा धरता येणार नाही. आणि सहा वाजता आई आली की मला खरं सांगायचंय. मला त्या वर्गाला जायचं नाहीये, आजोबा. तिथे आमच्या शाळेतली ती बारीक केसांची मुलगी जाते, ती सगळ्यांना शिकवते."

आजोबांनी निमूट हातमोजे घातले. हाताचे पंजे जाऊन तिथे दोन उशा आल्या. त्या मांडीवर ठेवून ते बसले, आणि गंमत अशी की बसल्याबरोबर त्यांना जरा बरं वाटलं. चाळीस वर्षं ते हातमोजे घालूनच भट्टीपुढे उभे राहत आले होते. हातमोजे म्हणजे काम चालू आहे.

चिमूटने वाटी भरून पीनट बटर मोजलं आणि चमच्याने खरवडून लहान पातेल्यात टाकलं. मग तीच वाटी, न धुता, अर्धी मधाने भरली. आजोबांना सांगावंसं वाटलं की धुवून घे. पण कुणी विचारलं नव्हतं. तिने वाटी पातेल्यावर कलती केली आणि मध सरळ, एका लोंढ्यात, वाटीला रामराम ठोकून खाली उतरला.

"अरे!" चिमूट म्हणाली. तिने वाटीत बोट फिरवलं. "सकाळी मी दुधात मध घेतला तेव्हा निम्मा वाटीलाच चिकटून बसला होता. आता चिकटलाच नाही. का हो, आजोबा?"

आता तिने विचारलं होतं. नियमाप्रमाणे आजोबांना बोलायची मुभा होती. उत्तर त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. त्याच्यामागे आणखी तीन उत्तरं उभी होती, आणि त्यांच्यामागे ट्रेला तेल का लावतात याची एक लांबलचक हकीकत. आजोबांनी तोंड उघडलं. मांडीवरच्या दोन उशांकडे पाहिलं. आणि त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी न निघालेलं वाक्य निघालं.

"तूच सांग बरं."

चिमूटने वाटी नाकाशी नेली. बोट बोटावर घासलं. बोट घसरत होतं. "आधी पीनट बटर होतं यात," ती हळूहळू म्हणाली. "त्याचं तेल लागलंय वाटीला. मग मधाला धरायला काही मिळालंच नाही!" आणि तिने आजोबांकडे असं पाहिलं की जणू मधाचा शोध तिनेच लावला आहे. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोलीत बरंच उकडत होतं, त्यामुळे ते कपाळावरच्या घामात खपून गेलं.

"केवढं गरम होतंय ना?" चिमूट म्हणाली.

"हात बांधून बसलं की होतं तसं," आजोबा म्हणाले. "रक्तदाब."

तिने खिडकी उघडली.

पुढचं सगळं तिने केलं, आणि तिच्या पद्धतीने केलं. कॉर्नफ्लेक्स चमच्याने ढवळताना त्यांचा चुरा व्हायला लागला, तेव्हा तिने चमचा ठेवून दिला, मिश्रण कोमट होईपर्यंत थांबली, हाताला लोणी लावलं आणि तळातून वर, तळातून वर असं कालवलं. हे कागदावर नव्हतं. ट्रेमध्ये ओतून पेल्याच्या बुडाने दाबलं. पेला चिकटायला लागला, तेव्हा बटर पेपरचा उरलेला तुकडा मध्ये घातला. हेही कागदावर नव्हतं. चॉकलेट वितळवून वरून ओतलं. ते एका कोपऱ्यात जाड आणि दुसऱ्या कोपऱ्यात पातळ झालं, आणि आजोबांच्या उजव्या उशीला कळ आली, पण तेवढंच. आजोबा बघत होते. इतकी वर्षं ते स्वतःचेच हात बघत आले होते. दुसऱ्या कुणाचे हात असे पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला मिळतात, आणि ते बघण्यासारखे असतात, हे त्यांना नवीन होतं.

"झालं!" चिमूट म्हणाली. "आता सूचना अकरा. आजोबा, आता तुम्ही."

आजोबा उठले. गुडघे कडकडले. चिमूटने भरलेला ट्रे त्यांच्या हातमोज्यांवर अलगद ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते कागदावर लिहायला वळली.

भरलेला ट्रे, हातात हातमोजे, आणि समोर दोन दारं, एक फ्रिजचं, एक ओव्हनचं. डोक्याला सूचना अकरा तोंडपाठ होती. पण हातांना वाचता येत नव्हतं. डावा गुडघा वाकला, उजव्या कोपराने दार खाली ओढलं, तोंडावर गरम हवेचा झोत आला. चाळीस वर्षं ट्रे आत सारताना तो येतच होता. आला नसता तरच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं. ट्रे आत गेला. दार गुडघ्याने बंद झालं. नॅपकिन दांडीवर पुन्हा सरळ झाला.

"ठेवला," आजोबा म्हणाले. काम नीट झाल्याचं समाधान त्यांच्या आवाजात होतं, आणि खरोखर, हालचाल म्हणून पाहिली तर त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"अर्धा तास लागेल," चिमूट म्हणाली आणि भांडी घासायला लागली. आजोबा पुन्हा स्टुलावर बसले. त्यांचं मन आता अगदी हलकं झालं होतं. फ्रिजवरच्या अर्जाकडे त्यांनी, आपण पाडलेल्या पैलवानाकडे बघावं, तसं पाहिलं. मग दोघांच्या गप्पा रंगल्या. बारीक केसांची मुलगी काय काय शिकवते, जहाजावर वड्या नेल्या तर वितळतील का, पाव फुगतो तर वडी का फुगत नाही. आजोबा दर प्रश्नाला "तूच सांग बरं" म्हणत होते. त्यांना आता ते वाक्य इतकं आवडलं होतं की चिमूटला कंटाळा यायला लागला.

थोड्या वेळाने छान, खमंग, भाजल्या शेंगदाण्यांचा वास सुटला.

"अहाहा! वास बघ," आजोबा म्हणाले.

"फ्रिजमधून वास येतो?" चिमूटने विचारलं.

"जिन्नस उत्तम असला की फ्रिजमधूनसुद्धा येतो," आजोबा म्हणाले. चाळीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस बोलतो तेव्हा नऊ वर्षांच्या माणसाने काय म्हणायचं? चिमूट पातेलं पुसत राहिली.

तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली. लेक आज लवकर आली होती. घरात पाऊल टाकताच ती थबकली. नाक वर केलं.

"काय भाजताय?"

चिमूटने हळूच फ्रिज उघडला. टाचा उंचावून पाहिलं. वरच्या कप्प्यात निम्मं कापलेलं लिंबू होतं, एकटंच. मग तिघांनीही ओव्हनकडे पाहिलं. नॅपकिनच्या मागून धुराची एक बारीक रेघ निघत होती, अगदी सभ्यपणे, कुणाला त्रास न देता.

आजोबांनीच ट्रे बाहेर काढला. हातमोजे आधीच घातलेले होते, तेवढी एक गोष्ट वेळेवर झाली. चॉकलेटला फोड येऊन ते वाळलेल्या डबक्यासारखं भेगाळलं होतं. मध कडेने उकळत होता. कॉर्नफ्लेक्स बुटाच्या रंगाचे झाले होते. ठिगळाच्या बटर पेपरची टोकं करपून वर वळली होती. लेकीने ओव्हन बंद केला, खिडकी पूर्ण उघडली आणि ट्रेकडे बघत उभी राहिली.

"मी हाताने..." आजोबा म्हणाले आणि थांबले. त्यांनी दोन्ही उशांकडे पाहिलं. "बाकी सगळं तिने केलं. एकटीने. मी पाणी ओतलं, चमच्याने एकदा हलवलं, तेवढंच. आणि हे. हे माझं."

"मी वळले होते तेव्हा," चिमूट म्हणाली. "आणि मोजे मीच घातले त्यांना."

आजोबांनी जे केलं ते लेकीलाही अपेक्षित नव्हतं. ते फ्रिजपाशी गेले. दोन जाड पंजांनी चुंबक काही केल्या निघेना, शेवटी खाली पडला. त्यांनी अर्ज दोन पंजांत धरून आणला आणि टेबलावर लेकीसमोर ठेवला.

"भर," ते म्हणाले. "माझे हात माझं ऐकत नाहीत. तिथे निदान कुणाचे तरी हात ऐकतील." आणि स्टुलावर जाऊन बसले.

लेकीने पेन काढलं. पुस्तिका लिहिणाऱ्या बाईने अर्ज अर्धवट सोडलेला कधी कुणी पाहिला नव्हता. तिने 'पाल्याचे नाव' या रेघेवर पेन टेकवलं. पण अक्षर उमटलं नाही, कारण तिचं लक्ष ओट्याकडे गेलं होतं. चिमूट बरणीत डोकावत होती.

"अर्धी वाटी आहे अजून," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे मध पाव वाटी. कॉर्नफ्लेक्स निम्मे. छोट्या डब्यात होतील." सूचनांचा कागद जळक्या ट्रेखाली अडकला होता. तिने तो शोधलाही नाही. डोळे पुसले, किटली लावली आणि बटर पेपर आणि कात्री जवळ ओढून ठेवली.

तिने पाणी स्वतःच ओतलं, थोडं थोडं करून. आजोबा जागचे हलले नाहीत. वाटीतून मध सुळकन उतरला तेव्हा चिमूटने मागे वळून आजोबांकडे पाहिलं, आणि आजोबांनी मान डोलावली. लेकीने ते पाहिलं. काय झालं ते तिला कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं.

चिमूट बटर पेपर कापायला लागली. कात्री तिरकी चालली. पेपर पुन्हा कमी पडणार हे टेबलावरूनही दिसत होतं. लेकीची खुर्ची सरकली. पेन ठेवून तिने हात पुढे केला.

"अगं, असं नाही, डबा आधी कागदावर ठेवून माप... थांब, आण इकडे."

आजोबांनी मान खाली घातली. हसू आलेलं दिसू नये म्हणून नव्हे. हसू आलंच नव्हतं. आपला आवाज आपल्या लेकीच्या तोंडून ऐकायला त्यांना जरा वेळ लागत होता. लेकीचा हात अजून पुढेच होता. ती त्या हाताकडे बघत होती, जणू तो कुणीतरी तिच्या दंडाला चुकून जोडला होता.

चिमूटने कात्री ठेवली. आजोबांच्या उजव्या हातातला मोजा ओढून काढला, आईपाशी आली आणि तिच्या त्या पुढे आलेल्या हातात घातला. चांगला कोपरापर्यंत.

"विचारल्याशिवाय बोलायचं नाही," ती म्हणाली. "तुझाच नियम आहे."

मग बाप आणि लेक टेबलापाशी शेजारी शेजारी बसले. एकाच्या डाव्या हातात मोजा, दुसरीच्या उजव्या. चिमूटने मधल्या ठिगळासकट कागद लावला, कालवलं, दाबलं, चॉकलेट ओतलं. लेक दोनदा खोकली. दुसऱ्या वेळी आजोबा हळूच म्हणाले, "सुरुवातीला होतो खोकला. जातो मग."

डबा तयार झाला. चिमूटने तो उचलला, आणि दोन्ही मोठी माणसं एकदम उठायला लागली.

"बसा," चिमूट म्हणाली. "नाही, आजोबा तुम्ही उठा. ते स्टूल द्या मला."

तिने स्टूल फ्रिजपुढे ओढलं, चढली, आणि डबा वरच्या कप्प्यात लिंबाशेजारी ठेवला. आजोबा उभे राहून बघत होते. ज्या स्टुलावर ते दुपारभर बसून होते, त्यावर चढलं की चिमूटचा हात वरच्या कप्प्यापर्यंत पोचतो, हे अकरा सूचना लिहिणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नव्हतं आणि चाळीस वर्षं भट्टी चालवलेल्या माणसाच्याही नाही.

"सूचना अकराची गरजच नव्हती," लेक म्हणाली. आणि मग, अर्ज जवळ ओढून, "पेन धरता येत नाहीये यात."

"मग काढ की मोजा," आजोबा म्हणाले.

"हो, काढते," ती म्हणाली. पण काढला नाही. डाव्या हाताने तिने जळक्या ट्रेचा एक कोपरा मोडला, तोंडात टाकला आणि दुसरा बापाला दिला. तो कोपरा खरं तर बरा लागत होता, कुरकुरीत, थोडा कडवट. आजोबांचं त्यावर पक्कं मत झालं होतं. पण कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते चावत राहिले. अर्ज टेबलावर होता, त्यावर मधाच्या वाटीचं वर्तुळ उमटलं होतं.

शनिवारी चिमूट वड्या घेऊन शाळेत गेली. बाईंचा शेरा आला : 'चव उत्तम. आकार वाकडेतिकडे. स्वतः केल्यासारख्या वाटतात.' अर्जाची तारीख टळून गेली. "पुढच्या सत्राला बघू," लेक म्हणाली, आणि काय बघायचं ते कुणी विचारलं नाही.

सोमवारी तीन वाजता आजोबा आले. दारातून सिंककडे निघाले, आणि वाटेत त्यांचा उजवा हात सवयीने ओव्हनकडे गेला. बोटं मिटली. बोटांत काही आलं नाही. तिथे बटणच नव्हतं, नुसती लोखंडाची बारीक दांडी बाहेर आलेली होती.

"चिमूट! ओव्हन मोडलाय!"

"मोडला नाही," चिमूट आतून म्हणाली. तिने दप्तर उघडून दाखवलं. कंपासपेटीत, खोडरबरशेजारी, ओव्हनचं काळं बटण होतं. "साफ करायला ओढलं की निघतं ते. आईच्या पुस्तिकेत आहे, पान नऊवर."

संध्याकाळी लेकीला हे कळलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "खरंच वाचलीस? पान नऊपर्यंत?" ती पुस्तिका लिहून सहा वर्षं झाली होती, आणि ती वाचणारं पहिलं माणूस तिला आज भेटलं होतं.

मग तिने रात्रीच्या जेवणासाठी ओव्हन लावायचा म्हणून बटण मागितलं. चिमूटने कशासाठी, किती वेळ आणि कोण ठेवणार, असे तीन प्रश्न विचारले आणि मग दिलं.